खळं पडल्याची तारीख

लिफ्टमधल्या दिव्याला खळं पडलं होतं. आधी त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. खळं बघणं हा त्याचा धंदाच होता, आणि धंद्यातली गोष्ट समोर आली की माणूस ती बघून मोकळा होतो, ती इथं कशाला आली असं विचारत बसत नाही. सवयीने हात वर गेला, अंगठ्याने त्याने दिवा झाकला, अंगठ्याभोवतीचं फिकट, आतून तांबूस कडं पाहिलं आणि मनात म्हटलं, वर पातळ पडदा आहे, आठपैकी आठ. तेवढ्यात लिफ्ट थांबली, धुण्याची बादली घेऊन शेजारीण आत आली आणि छताला अंगठा दाखवत उभ्या असलेल्या या गृहस्थाकडे बघून तिने विचारलं, दिवा गेला का? नाही, तो म्हणाला, आहे. मग कुठं त्याच्या डोक्यात शिरलं की लिफ्टला आभाळ नसतं. त्याने हात खाली घेतला, खिशात घातला, पुन्हा काढला. बादलीतल्या ओल्या कपड्यांचा साबणी वास येत होता आणि शेजारीण तिच्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होती. त्याने एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. खळं जागच्या जागी होतं. खाली उतरला तर जिन्यातल्या दिव्यालाही होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ट्यूबलाही होतं, आणि रस्त्यावर आला तर सूर्यालाही होतं. रोजच्यासारखं, ओळखीचं. कालपर्यंत हे बघून त्याला बरं वाटायचं. आज मात्र तो तिथंच फुटपाथवर थांबला आणि मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळून, काय हो काका, म्हणून पुढं गेला.

हवामान कचेरीत त्याला आभाळराव म्हणत. पहिल्यांदा कुणी म्हटलं ते चेष्टेने म्हटलं असणार, पण नाव इतकं अंगाला बसलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं गेलं तर तो इकडंतिकडं बघायचा. पाऊस, वारा, पारा यांना यंत्रं होती. आभाळाला तो होता. शहराचं दुपारचं आभाळ रोज त्याने बघायचं आणि लिहायचं, असा शिरस्ता होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यावरच्या घुमटाच्या मनातल्या मनात आठ फाका करायच्या आणि त्यातल्या किती ढगांनी झाकल्या आहेत ते सांगायचं. दिसायला सोपं, पण जे ढग ढगांसारखे दिसतात ते कुणीही सांगेल. खरी परीक्षा त्या उंचावरच्या पातळ पडद्याची. तो दिसतच नाही. ऊन पडलेलं असतं, सावल्या पडलेल्या असतात, खाली लोक म्हणत असतात, काय स्वच्छ दिवस आहे. फक्त सूर्याला खळं पडलेलं असतं, आणि खळं दिसलं की पडदा आहे असं धरायचं, आठच्या आठ फाका झाकलेल्या लिहायच्या, हा नियम. त्याला शिकवणारे वस्ताद म्हणायचे, खळ्यावर वीत लावून बघ. हात लांब कर, अंगठा सूर्यावर, करंगळी कड्यावर. टेकली तर खरं खळं, नाही टेकली तर दुसरं काहीतरी. पहिली कित्येक वर्षं त्याने इमानेइतबारे वीत लावली. मग हळूहळू नजरच वीत झाली. सुताराला लाकूड हातात घेतलं की लांबी कळते तसं झालं, असं त्याला वाटलं, आणि तो नुसता अंगठा धरायला लागला. केव्हापासून? या प्रश्नापाशी तो फुटपाथवर आला आणि कचेरीकडे न जाता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वळला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याची हनुवटी एका थंड पट्टीवर टेकवली, दोन्ही डोळ्यांत उजेड मारला आणि चहा घेणार का विचारावं तितक्या सहज सांगितलं की दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. दिव्यांना कडी दिसत असतील ना? बरीच वर्षं दिसत असतील. त्याने सांगितलं, मी दिव्यांकडे बघत नाही, आभाळाकडे बघतो. डॉक्टर हसले. त्याला तो विनोद वाटला. मग त्याने विचारलं, हे सुरू कधी झालं? चार वर्षं झाली असतील, पाचही, कुणाकुणाचं त्याहून आधीपासून असतं, डॉक्टर म्हणाले, हे पिकत जातं हो, एका दिवसात थोडंच होतं. पण मला नेमका दिवस लागेल, तो म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा हसून त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेरच्या बाकावर बसून त्याने स्वतःशी हिशेब मांडायचा प्रयत्न केला. म्हणजे खळं पडलं होतं ते सूर्याला की त्याला? जे आठ त्याने लिहिले त्यातले आभाळाचे किती आणि त्याच्या डोळ्याचे किती? सगळेच खोटे असतील असंही नाही. पडदा खरंच येतो, खळं खरंच पडतं, आणि डोळा खराब झाला म्हणून आभाळ काही आपला धंदा बंद करत नाही. खऱ्या खळ्यात खोटं खळं मिसळलं होतं आणि दोन्हींना रंग एकच होता.

कचेरीत नव्या मॅडम होत्या. शहराची जुनी हवा आणि जुनं आभाळ, म्हणजे कुणाच्या आजोबाच्या वेळेपासूनच्या नोंदी, संगणकात घालायचं काम त्या करत होत्या. वयाने त्याच्या लेकीएवढ्या. त्याला काका म्हणत. त्याने सगळं सांगितलं. सांगताना आपण दुसऱ्याच कुणाची चहाडी करतोय असं त्याला वाटत होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. मग जे म्हणाल्या ते अगदी सरळ होतं. "काका, चूक असली तर ती बाजूला काढता येते. फक्त ती कुठून सुरू झाली तेवढं सांगा. तारीख नसेल तर तुमच्या सगळ्याच दुपारी काढाव्या लागतील. मला ते करायचं नाहीये." उद्या त्या हे सगळं पुढं पाठवणार होत्या. उद्यापर्यंत तारीख. अलीकडची दिली तर शहराच्या माथी खोटे पडदे मारल्यासारखं, पलीकडची दिली तर चांगले दिवस, ज्या दिवसांसाठी तो तापातसुद्धा गच्ची चढला होता, ते स्वतःच्या हाताने केरात. आणि दिलीच नाही तर सगळंच गेलं. जन्मभर वर बघितलं आणि काहीच बघितलं नाही, असं. त्याने मान हलवली. मॅडमनी एक कोरा कागद दिला. त्यावर फक्त तारीख लिहून सही करायची होती.

तो घरी न जाता चालत राहिला. आठवायला बसलं तर दिवस आठवतात, पण त्या दिवसांचं ऊन कसं होतं ते आठवायचं म्हणजे काय? लेक पहिल्या नोकरीला निघाली ती सकाळ त्याला लख्ख आठवत होती. तिची बॅग, तिच्या बॅगेचं तुटलेलं चाक, ते चाक रस्त्यावर करत असलेला आवाज. तिच्या मागच्या उन्हाला एक मऊपणा होता, कडा नसलेला. तेव्हा त्याला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी आलंय म्हणून. नंतरही ऊन तसंच राहिलं आणि मग त्याला वाटलं, वय झालं की उन्हाची धार जातच असेल. त्याला ते आवडलंही होतं. इतकी वर्षं टोचणारा प्रकाश आता जरा समजुतीने वागायला लागला, असं काहीतरी. म्हणजे तो समजूतदारपणाही डोळ्यातलाच? मग त्याने मुद्दाम मागचं आठवलं, फार मागचं, जिथं मोतीबिंदूचा संबंध येण्याचं कारण नाही: शाळेचं पटांगण, खडूच्या रेघा, पायाला चटका देणारी फरशी. वर बघितलं तर तिथल्या सूर्यालाही खळं होतं. आठवतानाही तो याच डोळ्यांनी आठवत होता की काय? त्याने आईचा चेहरा आठवून बघितला. तिच्या कपाळाजवळही उजेड पसरलेला होता, पण तो खिडकीचा असू शकेल. एका दुकानाच्या काचेत तो स्वतःच त्याला दिसला, तोंड उघडं ठेवून वर बघणारा. आजूबाजूची दोनतीन माणसंही थांबून वर बघायला लागली होती. वर काहीच नव्हतं. किंवा होतं, विचारायची त्याला लाज वाटली.

एकच गोष्ट होती, जिला धरून उभं राहता आलं असतं. चार-पाच वर्षांपूर्वीची एक दुपार, लेक नोकरीला गेली त्यानंतरच्या वर्षातली. त्या दुपारी बायको कचेरीच्या गच्चीवर आली होती. घराची किल्ली तो विसरून आला होता ती द्यायला. इतक्या वर्षांच्या संसारात ती तिथं कधीच आली नव्हती. जिना चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती आणि कठड्याला धरून ती उभी होती. त्या दिवसांत दोघांचं बोलणं कामापुरतं झालं होतं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. लेक असताना तिच्यामार्फत बोलायची सवय लागली होती आणि लेक गेल्यावर मध्ये कुणी उरलं नव्हतं, एवढंच. आणि नेमकं त्या दुपारी सूर्याला खळं पडलं होतं, सुरेख, कुठं तुटलेलं नाही असं. त्याने तिला हाताला धरून टाकीच्या सावलीत आणलं, सूर्यावर अंगठा कसा धरायचा ते दाखवलं, आणि दिसलं का, दिसलं का, असं दोनदा विचारलं. ती म्हणाली होती, "हो. केवढं मोठं आहे." मग ती किल्ली देऊन गेली. एवढीच गोष्ट. पण तो त्या दिवशी शीळ घालत घरी गेला होता, आणि पुढंही मधूनमधून, पायऱ्या चढताना, दात घासताना, त्याला ते 'केवढं मोठं आहे' आठवून विनाकारण बरं वाटायचं. आपलं जे काही आहे ते एकदा तरी तिला दिसलं, असं. ती तारीख त्याला पाठ होती. तिचे डोळे चांगले होते, आजही सुईत दोरा ओवते. तिला दिसलं म्हणजे खळं आभाळात होतं, म्हणजे त्या दिवसापर्यंत तो शाबूत होता. तारीख मिळाली होती. मग घराकडे जायला पाय का उचलत नाहीत, हे त्याला कळेना. खरं तर कारण त्याला माहीत होतं. ती कशालाही हो म्हणते. हा रंग चांगला दिसतो ना? हो. आज जरा गारवा आहे नाही? हो. ते 'हो' त्याला नेहमी ऐकू आलं होतं, पण ते कधी उलटून बघावंसं वाटलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बटाटे सोलत बसली होती. अजून उजेड होता, दिवा लावलेला नव्हता, याचं त्याला बरं वाटलं. मोतीबिंदूचं त्याने सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, तुम्ही हल्ली कपात चहा ओतताना बशीत ओतता. मग तारखेचं सांगितलं. ते तिने सालं काढत, मध्ये न बोलता ऐकलं. तो उभाच होता.

"त्या दुपारी तू गच्चीवर आली होतीस," तो म्हणाला. "किल्ली द्यायला."

"हो."

"मी तुला खळं दाखवलं. तू म्हणालीस, केवढं मोठं आहे."

"म्हणाले असेन."

"दिसलं होतं का तुला?"

तिने सुरी खाली ठेवली. तिच्या ओठांवर 'हो' आलेलं त्याने बघितलं, अगदी स्पष्ट बघितलं, आणि ते तिने गिळलेलंही बघितलं.

"मी वर बघितलंच नव्हतं," ती म्हणाली.

ते त्याला नीट समजायला वेळ लागला. त्याने दोन उत्तरं धरली होती, दिसलं किंवा नाही दिसलं. हे तिसरं त्याच्या हिशेबात नव्हतं. मग केवढं मोठं आहे, हे कशावरून म्हणालीस, असं त्याने विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही हातांनी दाखवलंत की, एवढं. तेच म्हटलं. म्हणजे खळं नव्हतं असंही तिच्यावरून ठरत नव्हतं. असेलही, नसेलही, बघितलं त्याने एकट्यानेच. त्याचं डोकं पुन्हा तारखेकडे वळलं, आता तारीख कशी काढायची इकडे, आणि त्याच वेळी आपण अजून तारखेचाच विचार करतोय याची त्याला शरम वाटली. पण वर का बघितलं नाहीस? ऊन लागत होतं का?

"किल्ली हे निमित्त होतं," ती म्हणाली. बटाटे सोलायला तिने पुन्हा सुरी घेतली नाही. "तुम्हाला सांगायला आले होते. मी लेकीकडे जाते म्हणून. राहायला."

"किती दिवस?"

"दिवसांचं नव्हतं ते. बॅग भरून ठेवली होती. म्हटलं, चिठ्ठीबिठ्ठी नको, तोंडावर सांगावं."

बॅग. त्याने ती बॅग आठवायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरात शिरला तेव्हा ती दाराशी असेल, किंवा पलंगावर, किंवा तोवर तिने ती रिकामी करून माळ्यावर टाकली असेल. त्याला काही आठवेना. त्याला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं, कड्याचा आतला तांबूस काठ, टाकीच्या सिमेंटचा उबारा, तिच्या मनगटावरचं घड्याळ. तिचा चेहरा आठवत नव्हता. तो जिथं असायला हवा तिथं फक्त ऊन होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुम्ही हात धरून ओढत नेलंत. इतके खूश होतात. दिसलं का, दिसलं का, असं विचारत होतात." ती थोडी हसली, मग हसू गेलं. "म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या गेलं, परवा गेलं. मग काय, राहून गेलं."

राहून गेलं म्हणजे सांगायचं राहून गेलं की ती राहून गेली, हे त्याने विचारलं नाही. त्याला एकदम सगळ्याच 'हो'ची भीती वाटली. खोलीचा रंग, लेकीचं शिक्षण, या घरात राहायला येणं, रोजचं जेवताना बरं झालंय ना. ओळीने उभे राहिले सगळे, आणि त्यातले खरे कुठले ते ओळखायची काही खूण नव्हती. "तू नुसतंच हो म्हणायला लागलीस," त्याने विचारलं, "ते केव्हापासून?" विचारल्यावर त्याला कळलं की आपला आवाज अगदी नव्या मॅडमसारखा झालाय.

तिने खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठी घालून, खिडकीकडे बघत, एखादं हरवलेलं भांडं कुणाकडे गेलं ते आठवावं तसं. मग तिने मान हलवली आणि तिचे डोळे भरून आले. "असं एका दिवसात होतं का हो ते?" ती म्हणाली. "आधी आवडायचं मला, तुम्ही दाखवायचात ते. नंतर तुम्ही दाखवतच राहिलात. तुला बघायचंय का, असं कधी विचारलंत?"

नाही, त्याने विचारलं नव्हतं. वाईट वाटण्याच्या आधी त्याला एक विचित्र मोकळेपणा वाटला, आणि मग वाईट वाटलं. खिशातला कागद काढून त्याने टेबलावर पसरला, सालं बाजूला सारून. पेनाचं टोपण त्याच्या बोटांत अडकलं. मग त्याने त्या दुपारची तारीख लिहिली आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच, जरा उजवीकडे झुकलेलं आलं.

तिने कागद आपल्याकडे फिरवून वाचला. "हीच का?" ती म्हणाली. "खळं असेलही त्या दिवशी. मी बघितलं नाही म्हणून नव्हतं असं थोडंच आहे."

"असेल," तो म्हणाला. "पण समोरचं मला दिसत नव्हतं. एवढं एक नक्की सांगता येतंय."

तिने कागद परत त्याच्याकडे फिरवला. बाहेर कुणीतरी मुलाला हाका मारत होतं. मॅडमना हा कागद चालेल का, त्या दिवसाआधीची वर्षं तरी खरी का, पुढं ऑपरेशन होऊन दोन्ही डोळे स्वच्छ झाल्यावर आपल्याला काय काय दिसेल, यातलं काहीच त्याला सांगता आलं नसतं. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि विचारली तर 'हो' येईल की 'नाही' येईल, दोन्हींची त्याला सारखीच धास्ती होती.

"आणि आता?" तो म्हणाला. "आता जायचंय?"

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

त्याने खुर्ची ओढली, तिच्या समोर बसला, आणि ती आणखी काय म्हणते याची वाट बघू लागला.